पाय गेले, असं मी म्हणाले

बाई, आमच्या वरच्या मजल्यावरच्या घरातल्या सुनेला आज सकाळी माहेरी पाठवलं, आणि त्याला मी बोललेलं एक वाक्य कारणीभूत आहे. घरात हे कोणाला सांगण्यासारखं नाही. तुम्हाला जाऊन खूप वर्षं झाली, पण मला नर्सिंग तुम्ही शिकवलंत, म्हणून तुम्हालाच लिहिते.

गेल्या महिन्यातली गोष्ट. पाणी यायचा दिवस होता. जुळे सोलापुरात आजही नळ रोज येत नाही, त्यामुळे आला की सगळी इमारत धावत सुटते. ती पोर टाकी भरली का बघायला गच्चीवरच्या लोखंडी शिडीवर चढली आणि गंजलेली पायरी तुटली. टाकीच्या चौथऱ्याच्या कडेवर पाठ आपटून खाली पडली. मी वर पोचले तेव्हा दोघं तिला काखेत धरून बसवायला निघाले होते आणि शेजारची एक बाई पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. उचलू नका, पाणी पाजू नका, आहे तशी राहू द्या, असं मी ओरडले. माझा आवाज तुम्हाला माहीत आहे. सगळे मागे सरले. मी तिच्या डोक्याशी गुडघे टेकले, दोन्ही हातांनी डोकं धरून मान सरळ ठेवली. श्वास ठीक होता, हाताच्या मुठी वळत होत्या. माझे हात गुंतलेले, म्हणून तांब्यावाल्या बाईला पावलापासून वर चिमटे काढत यायला लावलं. पोटरी, मांडी, कंबर. "कळतंय?" "न्हाय." "आता?" "न्हाय की." बेंबीच्या वर गेल्यावर ती कळवळली. गाऊन भिजलेला होता आणि गुडघ्यांच्या वर सरकलेला होता.

सासू म्हणाली, "सिस्टर, तेवढा गाऊन खाली वडते. गडीमाणसं हायत."

"हात लावायचा नाही म्हटलं ना."

गडीमाणसांना पाठ फिरवायला सांगता आलं असतं. ते सुचलं नाही. उलट "लघवी झालेली कळली का तुला?" असं मी गच्चीभर ऐकू जाईल एवढ्या आवाजात विचारलं. तिनं डोळे मिटून घेतले.

अँब्युलन्स आली. माझ्या शब्दावर चौघांनी तिला एका अंगानं वळवलं, पाठीखाली फळी सरकवली, पट्टे बांधले. त्यात एक चूक नव्हती. मग अँब्युलन्समधल्या तरुण डॉक्टरला मी सांगितलं, "बेंबीखाली काही नाही. पाय गेले हिचे. परत यायचे नाहीत." तिचं डोकं अजून माझ्याच हातात होतं. ती म्हणाली, "ताई, म्हंजे?" मी म्हणाले, "बोलू नकोस, मान हलेल."

त्या रात्रीपासून मला तुमच्या क्वार्टरमधलं स्वयंपाकघर आठवतं आहे. तुम्ही आम्हा मुलींना जेवायला बोलावलं आहे, भाकऱ्या झाल्या आहेत, आणि जेवायच्या आधी तुम्ही पदर खोचून फरशीवर आडव्या होता. म्हणता, मी ट्रकवरून पडलेला हमाल आहे, वळवा मला. आम्ही हसतो. एकीचा हात सुटतो आणि तुमचं ढुंगण आधी आपटतं. "पोरींनो, गोणी आहे का मी?" आम्ही आणखी हसतो. मी डोक्याशी आहे. मी पटापट हुकूम सोडते आहे, कारण मला हे येतं आणि ते तुम्हाला दिसावं असं मला वाटतं आहे. खालून तुम्ही म्हणता, "मला इथून छप्पर आणि तुझं थोबाड, एवढंच दिसतंय. ते जरा बरं ठेव की."

वॉर्डात तुम्ही फार वेळ लावता, असं मी मैत्रिणींना सांगायचे. पेशंटच्या कानाशी वाकून, आता टाचेला हात लावते, आता सुई टोचून बघते, असं सगळं सांगत बसायचात. मी एकदा म्हणाले, बाई टाचेची परवानगी काढतात. ते तुमच्या कानावर गेलं. तुम्ही मला पडद्यामागे घेतलंत आणि आवाज न चढवता झापलंत. मज्जारज्जूला मार बसला की तो मुका होतो, म्हणालात. तो कायमचा मुका झाला की धक्क्यानं गप्प बसलाय, हे पहिल्या दिवशी कोणालाच सांगता येत नाही. गुदद्वाराशी स्पर्श कळतो का, हे पडदा ओढून, विचारून तपासल्याशिवाय तर तोंडच उघडायचं नाही. मी मान डोलावली. परीक्षेत उत्तरही लिहिलं.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी तपासलं तेव्हा तिला गुदद्वाराशी स्पर्श कळत होता. म्हणजे रज्जू पूर्ण तुटलेला नव्हता. ऑपरेशन करू, मग वाट बघू, असं ते म्हणाले. पण तोवर सासूनं, सुनेचे पाय गेले म्हणून, सगळीकडे फोन केले होते. नवरा चिंचोळीच्या कारखान्यातून शिफ्ट सोडून आला, तोपर्यंत त्याच्या घरात ठरूनही गेलं होतं की टाके निघाले की तिला माहेरी पोचवायचं. मी वर गेले. सासूला म्हणाले, डॉक्टर सांगतात तसं करा, सुधारणा होऊ शकते.

ती भांडी लावत होती. म्हणाली, "तुमीच म्हणाला की, पाय गेले म्हणून. डाक्टर लोक काय, बिलापायी आशा लावत्यात. तुमी तोंडावर बोलता, म्हणून तर तुमचा विश्वास."

तिथं मला म्हणायचं होतं, मी चुकले. आयुष्यभर ज्युनियर मुलींकडून मी ते वाक्य वदवून घेतलं आहे, मोठ्यानं, सगळ्यांसमोर. मला ते आलं नाही. "बघा बुवा," असं काहीतरी म्हणून मी जिना उतरले.

आज तिची आई आणि वडील अक्कलकोटकडून गाडी घेऊन आले होते. आईला मराठी जेमतेम. पोरीला कुशीवर कसं वळवायचं, पडून जखमा होऊ नयेत म्हणून कुठली हाडं रोज बघायची, नळीनं लघवी कशी काढायची, हे मी आईला दाखवत गेले, आणि ती पोर पडल्या पडल्या माझं बोलणं आईला कन्नडमध्ये सांगत गेली. स्वतःच्या अंगाबद्दलच. मध्येच मी म्हणाले, "त्या दिवशी गच्चीवर मी बोलले ते मला माहीत नसताना बोलले." हे तिनं आईला सांगितलं नाही. म्हणाली, "ते ऱ्हाऊ दे, ताई. नळी उकळायची का नुसती धुवायची, ते सांगा." नवरा गाडीचं दार धरून उभा होता. सासू खाली आली नाही.

हे पत्र कुठं टाकायचं नाही. ड्यूटी संपताना पेशंट दुसऱ्याच्या हाती देतो तेव्हा लिहितो तसं लिहून थांबते.

पेशंट आईच्या ताब्यात दिली. शुद्धीवर, बोलते, ताप नाही. पाठीची जखम कोरडी. माकडहाड आणि टाचांवर लाली नाही. दिवसरात्र दर दोन तासांनी कूस बदलणे. आईनं करून दाखवलं. नळ्या, हातमोजे, हवेची गादी आणि गोळ्या दिल्या. फिजिओथेरपीची चिठ्ठी वडिलांच्या खिशात. उजव्या पायाचा अंगठा सांगितल्यावर किंचित हलतो. आज गाडीत मी स्वतः पाहिला. नवऱ्याला दाखवला. सासूला अजून सांगितलेलं नाही.