काचेच्या जमिनीची खोली

सूनबाई,

बुकिंगवाल्याकडे चाललोय. बेटावर तू निवडलेली ती पाण्यावरची, काचेच्या जमिनीची खोली रद्द करतोय. चिडू नकोस. टेकडीवरचं हॉटेल घेतो. तिथे खिडकीतून नुसती झाडं दिसतात. पोरांनी भोकाड पसरलं तर सांग, आजोबा घोरायला लागले की काचेला तडे जातात. माझ्या घोरण्याने एकदा वाट चुकलेली बोट किनाऱ्याला लागली होती, हे त्यांना ठाऊक आहेच.

खरं कारण तुला सांगतो. थोरला समुद्रात गेला तेव्हा तुझा नवरा लहान होता, सारखा विचारायचा. मी ठोकून दिलं, दादाला माशांच्या राजाने घरजावई करून घेतलंय. पुढे तीच गोष्ट नातवंडांना रंगवून सांगितली. म्हणून तर त्यांना काचेची जमीन हवीय, खाली काकाला हात करायला.

पोरांचं जाऊ दे. तुझी सासू कधीची लोकर विणत बसलीय. आज सकाळी तिने तो स्वेटर तुझ्या नवऱ्याच्या पाठीला लावून पाहिला. तो हसला, "आई, उकाड्याच्या बेटावर स्वेटर? आणि मला ढगळ होतोय हा."

ती म्हणाली, "तुला नाही रे. पाण्याखाली गारठा असतो. आणि दादा तुझ्याहून उंच असणार आता."

मी येईपर्यंत तिच्याजवळ बस. काही बोलू नकोस. तिची एक बाही राहिलीय अजून.