तयार नाक आणि एक बाटली शिराझ

६ जुलै १९८६, रविवार. सकाळी ११.
आजपासून रोजनिशी. वही गेल्या वर्षीची, बायकोच्या, म्हणजे कुंदाच्या, टेलिफोन एक्स्चेंजमधून आलेली. वार खोडून लिहितोय.

श्यामकांत येऊन गेला. कॉलेजात आम्ही एका बाकावर बसायचो. पंधरा वर्षं झाली, ऑस्ट्रेलियात असतो. केस गेले, पोट आलं. आता महिनाभर आईकडे कणकवलीला राहील आणि परत जायच्या आधी दहा ऑगस्टला आमच्याकडे मालाडला जेवायला येईल. माझ्यासाठी एक बाटली आणलीय. शिराझ, म्हणजे लाल वाइन. ही अंगानं भरलेली असते म्हणाला. म्हणजे काय ते मी विचारलं नाही. आपल्या लाइनमधल्या माणसानं असं विचारणं बरं दिसत नाही.

लाइन म्हणजे वास. बावीस वर्षं कांदिवलीच्या एसेन्स फॅक्टरीत वासाच्या टेबलावर आहे. गुलाब, केवडा, अननस, आइस्क्रीमवाल्यांचा व्हॅनिला. माझ्या सहीशिवाय ड्रम हलत नाही. हलत नसे. फेब्रुवारीत फ्लू झाला, त्याची सर्दी जरा रेंगाळली आहे. मे महिन्यात केवड्याचा एक लॉट सरबतवाल्यांनी परत पाठवला, रॉकेलचा वास येतो म्हणून. तो मीच पास केलेला. मला वास आला नव्हता, म्हणजे तो नव्हताच. मॅनेजर शेणवीसाहेब म्हणाले, जयवंत, जरा रजा घ्या, पंधरा ऑगस्टनंतर बघू. म्हणून रजेवर.

संकल्प: महिन्याभरात शिराझमध्ये पारंगत व्हायचं.

८ जुलै. दुपारी.
डोक्यात प्लॅन आला. दहा ऑगस्टला श्यामकांतबरोबर शेणवीसाहेबांनाही बोलवायचं. त्यांच्यासमोर वाइनचा वास घ्यायचा आणि आत काय काय आहे ते एकेक सांगायचं. श्यामकांत जाणकार आहे, तो मान डोलावेल. सोळा तारखेला मी परत टेबलावर.

कुंदाला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, आधी डॉक्टरला नाक दाखवा. मी म्हटलं, सर्दीला कोण डॉक्टरकडे जातं. ती म्हणाली, पाच महिने कोणाला सर्दी असते. तिला वासाच्या लाइनमधलं काही कळत नाही.

११ जुलै.
बाटलीबरोबर श्यामकांतनं एक छापील पत्रक दिलंय. त्यात या वाइनमध्ये येणारे वास लिहिलेत: ब्लॅकबेरी, मिरी, चामडं, तंबाखू. ब्लॅकबेरी मी पाहिलेली नाही. फोटोवरून करवंदाच्या जवळची वाटते. करवंद धरून चालतो.

प्रॅक्टिस सुरू. मिरी कुटून हुंगली. अकरा शिंका आल्या. नाक उत्तम चालू आहे याचा याहून मोठा पुरावा नको.

चामड्यासाठी स्टेशनबाहेर गुणाजी चांभाराकडे गेलो. नवी चप्पल उचलून नाकाला लावली, बराच वेळ. गुणाजी म्हणाला, साहेब, ती पायात घालून बघायची असते. वास साधारण होता. चामडंच हलकं असणार.

१५ जुलै. सकाळी.
चहा मी केला. कुंदानं एक घोट घेतला आणि मोरीत ओतला. दूध नासलंय म्हणाली. मी तोवर दीड कप प्यायलो होतो, मला काही झालं नाही. डेअरीवाल्याला बोलायला हवं.

चहाची उरलेली पूड कोकम सरबतात मिसळून ओतायची प्रॅक्टिस केली. पत्रकात लिहिलंय की वाइन बाटलीतून दुसऱ्या भांड्यात हळू ओतायची. गाळ बाटलीत राहतो आणि वाइनला हवा लागते. याला डिकॅन्ट करणं म्हणतात. ओतताना बाटलीच्या मानेखाली मेणबत्ती धरायची, म्हणजे गाळ येताना दिसतो. भांडं म्हणून फॅक्टरीतला एक लिटरचा काचेचा चंबू आहे घरी. निम्मं सरबत लादीवर गेलं. गाळ सगळा चंबूत. पहिल्या वेळी असं होतंच.

१९ जुलै, शनिवार.
फॅक्टरीत गेलो. शेणवीसाहेबांना आमंत्रण दिलं. ते खिडकीकडे बघत बसले, मग म्हणाले, येतो. बावीस वर्षांत पहिल्यांदाच बोलावताय.

माझ्या टेबलावर सध्या नंदा बसते. मुलुंडहून येते, बी.एस्सी. आहे, हुशार पोरगी. माझ्याच हाताखाली शिकली. तिनं टेबलावर कागदाच्या तीन पट्ट्या ठेवल्या होत्या. मी सहज एकेक उचलून सांगितलं: गुलाब, व्हॅनिला, अननस. ती म्हणाली, बरोबर सर. आवाज बारीक होता. निघताना माझ्या लक्षात आलं की पट्ट्या कोरड्या होत्या. ती एसेन्समध्ये बुडवायलाच विसरली होती. तिला तसं सांगितलं. हो सर, विसरले, म्हणाली.

घरी येताना विचार केला. न बुडवलेल्या पट्टीवरही मला अननस ओळखता आला. नाक किती तयार असावं.

२४ जुलै. संध्याकाळी ५.
आज घरात उगाच तमाशा झाला. तीन वाजता पुन्हा कोकमाची प्रॅक्टिस करत होतो. पावसामुळे खिडक्या बंद होत्या. मेणबत्ती लावायला काडी ओढली, ओली होती. दुसरीही ओली. तिसरी काढली तेवढ्यात दार उघडून कुंदा आली. आज तिची ड्यूटी लवकर सुटली होती. तिनं चप्पल न काढता येऊन माझ्या हातावर जोरात फटका मारला. पेटी उडून कपाटाखाली गेली. मग तिनं धावत जाऊन गॅस बंद केला, सगळ्या खिडक्या उघडल्या आणि मला दंडाला धरून बाहेर जिन्यात नेलं. शेजारच्या विमलावहिनीही बाहेर आल्या. त्यांच्या दारापर्यंत वास येत होता म्हणे.

दुपारी चहा गरम केला तेव्हा ज्योत विझली असेल आणि बटण चालू राहिलं असेल. मी दोन तास तिथेच होतो. मला काही जाणवलं नाही.

कुंदा जिन्याच्या पायरीवर बसून राहिली. मीही बसलो. वहिनींनी पाणी आणून दिलं. मला भीती वगैरे काही वाटली नाही. कशाचंच काही वाटत नाही हल्ली. सर्दीत डोकं जड होतं.

हात अजून हुळहुळतोय. त्या वेळी गॅस बंद करायचा की माणसाला मारायचं, हे तिला सुचायला हवं होतं.

२५ जुलै.
कुंदा आता ड्यूटीला जाताना सिलिंडरचा रेग्युलेटर काढून पर्समध्ये टाकून नेते. माझा चहा थर्मासमध्ये. गॅस वाचवायचा विचार असेल. मी विरोध केला नाही. काड्यापेटीही सापडत नाही, त्यामुळे मेणबत्तीचा भाग रद्द. टॉर्च वापरीन.

२ ऑगस्ट, शनिवार.
महत्त्वाचा निर्णय. पत्रकात लिहिलंय की वाइनला उघडल्यावर श्वास घेऊ द्यावा, म्हणजे वास खुलतो. अर्धा तास तरी. अर्ध्या तासात वास खुलत असेल तर आठ दिवसांत काय होईल, हे तिथल्या लोकांना सुचलेलं दिसत नाही. आजच उघडायची ठरवली.

बूच काढायचं हत्यार घरात नाही. स्क्रू-ड्रायव्हरनं टोकरलं. अर्धं बाहेर आलं, अर्धं आत पडलं. चहाच्या गाळणीतून ओतली. एका हातात बाटली, एका हातात गाळणी, टॉर्च दातांत. फारशी सांडली नाही. रंग झकास, जांभळाकडे झुकणारा. चंबूवर मलमल बांधून खिडकीत ठेवला, हवा खेळती राहील असा.

वास घेतला. बंद वाटला. म्हणूनच श्वासाची गरज आहे.

५ ऑगस्ट.
चंबूभोवती चिलटं जमलीत. चांगल्या मालाची लक्षणं.

कुंदा म्हणाली, ते टाकून द्या, घरात उभं राहवत नाही. मी हात लावू दिला नाही. विमलावहिनींनी गॅलरीतून विचारलं, लोणचं घातलंत का. एक चमचा चाखली. आंबट लागली आणि जिभेला चरचरली. पत्रकात टॅनिन म्हणून एक प्रकार दिलाय, तो हाच.

९ ऑगस्ट.
भाषण पाठ झालं. आधी रंग, मग वास, मग घोट. ग्लास विमलावहिनींकडून आणले, आइस्क्रीमचे, उभ्या दांड्याचे. कुंदा कोलंबी करणार आहे. मी तिला म्हटलं, उद्यानंतर सगळं पूर्वीसारखं होईल. ती म्हणाली, हं.

१० ऑगस्ट, रविवार. संध्याकाळी ६.
दुपारचं जेवण होऊन मंडळी गेली. झालं तसं लिहितो.

श्यामकांत बाराला आला, शेणवीसाहेब साडेबाराला. मी चंबू आणला, मलमल सोडली. श्यामकांत म्हणाला, हे कधी उघडलंस? मी म्हटलं, आठ दिवस श्वास दिला आहे. तो काहीतरी बोलणार होता, पण कुंदानं त्याच्याकडे पाहिलं आणि तो गप्प बसला.

चार ग्लास भरले. ग्लास उजेडात धरून मी रंग सांगितला. मग नाक ग्लासात घालून डोळे मिटले. म्हटलं, सुरुवातीला करवंद, पिकलेली. त्यामागून मिरी. मग चामडं, नवं, आणि शेवटी सुका तंबाखू, अगदी पुसट. सगळं क्रमानं आलं, कुठे अडखळलो नाही.

डोळे उघडले तर शेणवीसाहेबांनी ग्लास तोंडाजवळ नेऊन खाली ठेवला होता. ते टेबलावरच्या मेणकापडाची घडी सारखी करत होते. श्यामकांत ग्लास हातात धरून जमिनीकडे बघत होता. पंखा फिरत होता. मला वाटलं, भाषण जरा लांबलं.

तेवढ्यात कुंदानं तिचा ग्लास उचलला. तिनं आयुष्यात कधी बिअरही प्यायलेली नाही. तिनं सगळा ग्लास एका दमात संपवला. डोळ्यांतून पाणी आलं. पदरानं तोंड पुसून म्हणाली, करवंदाचा वास आहे खरा. मग ताटं वाढायला गेली.

जेवताना कोलंबीचं सगळ्यांनी कौतुक केलं. शेणवीसाहेब निघताना माझा हात दोन्ही हातांत धरून उभे राहिले. म्हणाले, जयवंत, सोळा तारखेपासून पॅकिंगला या. पगार तोच राहील, ते मी बघतो. टेबल नंदाकडे राहू दे. मी बरं म्हटलं.

श्यामकांतला रिक्षापर्यंत सोडायला गेलो. तो म्हणाला, जया, व्हिनेगर झालं होतं रे ते. दारातूनच वास येत होता. मी म्हटलं, अच्छा. तो म्हणाला, वहिनींनी ग्लासभर प्यायलं. रिक्षा गेली. मी थोडा वेळ तिथेच थांबलो. समोर भेळवाला कांदा चिरत होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते कांद्यानं.

११ ऑगस्ट, सोमवार. सकाळी ८.
कुंदानं आज रजा टाकली. तिचं पोट बिघडलंय. कानानाकाच्या डॉक्टरची अकराची वेळ घेतलीय, एक्स्चेंजमधल्या बाईंच्या ओळखीनं. अपॉइंटमेंट तिनं जुलैतच ठरवून ठेवली होती असं कळलं. मी यायला तयार होणार नाही म्हणून दोनदा पुढे ढकलली.

फेब्रुवारीपासून मला कसलाच वास येत नाही. हे एकदा लिहून टाकतो. लिहिल्यावर काही वाटलं नाही.

कुंदाला तेवढंच सांगितलं. ती म्हणाली, माहीत आहे. मार्चमध्येच कळलं, तुम्ही करपलेली आमटी मिटक्या मारत खाल्लीत तेव्हा. बोलली का नाहीस विचारलं, तर म्हणाली, तुम्ही ऐकलं असतंत का.

गॅलरीत बसलो. मी म्हटलं, आत्ता कसले वास येतायत ते सांग. ती सांगत गेली. खाली कोणीतरी बोंबील तळतंय. विमलावहिनींची उदबत्ती, मोगऱ्याची, स्वस्तातली. ओले कपडे. तुमचा शर्ट धुवायला टाकायला हवा. मी ऐकत होतो. ऐकून काही आठवतंय का ते बघत होतो.

मग विचारलं, आपल्या घराला कसला वास येतो. तिनं मान वळवून आत पाहिलं. म्हणाली, अहो, तो मलाही येत नाही. राहणाऱ्याला येत नाही.

मग ती पोट धरून पेज टाकायला उठली.