उशिरा पोचणारी आमटी

आई, तू गेलीस तेव्हा आपल्या घरात साधा कॉम्प्युटरही नव्हता, त्यामुळे मी हिंजवडीत रोज जाऊन नेमकं काय करते हे तुला सांगायचं राहूनच गेलं. लोक मोबाइलवर गाणी ऐकतात, सिनेमे बघतात, घरबसल्या लग्नं बघतात, ते त्यांच्यापर्यंत मधे न अडखळता पोचवायचं, हे आमच्या कंपनीचं काम. आणि जी नवी मुलंमुली नोकरीला लागतात त्यांना या धंद्यातले पहिले शब्द शिकवायचे, हे माझं. इंजिनिअर होऊन येतात, तोंडात बफर, बिटरेट, लेटन्सी सगळं असतं, पण बफर म्हणजे काय गं, असं विचारलं की छताकडे बघतात. मग मी तुझी मेस काढते. तुझी म्हणून नाही सांगत हं. ‘कर्वेनगरात एक बाई होत्या, हॉस्टेलच्या मुलींना जेवू घालायच्या,’ अशी सुरुवात करते. डाउनलोड म्हणजे त्या बाईंनी भरून दिलेला डबा. सगळा भरल्याशिवाय झाकण लागत नाही, पण एकदा नेला की केव्हाही खा. स्ट्रीमिंग म्हणजे पंगत. तव्यावरची पोळी उतरतेय, ताटात पडतेय, खाणारी खातेय, मागे काही शिल्लक राहत नाही. आणि पहिली मुलगी पाटावर बसायच्या आधीच बाई ज्या पोळ्या करून दुरडीत झाकून ठेवायच्या, तो बफर. तव्याचा हात जरा मंदावला तरी ताट रिकामं पडायचं नाही. दुरडी संपली की मुली बोटं चाटत बसायच्या. पडद्यावर गोल गोल फिरतं ना, तेच ते. एवढं सांगितलं की पोरं खूश होतात आणि त्यांना भूक लागते.

बिटरेट म्हणजे लाइनीतून क्षणाक्षणाला चित्राचा किती माल धाडायचा ते, आणि तिथे तर तू फारच कामाला येतेस. लाइन बारीक झाली तर चित्र थांबवायचं नसतं, थोडं पातळ करायचं असतं. चेहरे जरा पुसट दिसतील, पण गोष्ट पुढे सरकत राहील. आता ऐनवेळी कुणाची मावसबहीण, कुणाची मैत्रीण जेवायला टपकली की तू काय करायचीस? आधणाचं पाणी आमटीत ओतायचीस, वर चिमूटभर गोडा मसाला, आणि चेहरा असा की आज आमटी पातळच करायची ठरवली होती. उपाशी कुणी उठलं नाही. आम्ही या युक्तीला फार मोठं नाव दिलंय आणि तिच्यावर मीटिंगा घेतो. तू असतीस तर म्हणाली असतीस, ‘एवढ्यासाठी तुम्हाला एसी लागतो होय?’

तर झालं असं, की अशाच एका तासाला मी लेटन्सी शिकवत होते. लेटन्सी म्हणजे उशीर. ज्याला आपण लाइव्ह म्हणतो ते काही अगदी आत्ताचं नसतं. कॅमेऱ्यापुढे घडलेलं तुकडे होऊन निघतं, वाटेत थांबतं, बघणाऱ्याच्या मोबाइलमधे थोडं साठतं आणि मग दिसतं. आपण ‘आत्ता’ म्हणून जे बघतो ते मघाचं असतं. हे दाखवायला मी म्हटलं, कुणीतरी काहीतरी चालू असलेलं लाइव्ह लावा. एक मुलगी म्हणाली, ‘मॅम, माझी मम्मी एका काकूंचं बघते, त्या आत्ता लाइव्ह असतील. भारी असतात.’ तिनं ते मोठ्या पडद्यावर लावलं. स्वयंपाकघर. ओट्याशी एक बाई, पदर खोचलेला, पुढे परात. मागे भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि तिच्या शेजारी, आई, तू.

मी ओळखलं ते तुला आधी, तिला नंतर. आपल्या गच्चीतला तो फोटो, मी पास झाले तेव्हाचा. तुझ्या खांद्यावर एक हात दिसतो बघ, फक्त हात, मनगटापर्यंत. तो माझा आहे. मला कापलंय. आणि पडद्याच्या कडेला लोकांची वाक्यं वर सरकतायत: ‘ताई, तुमच्या आई किती गोड!’, ‘आईंचा हात तुमच्या हातात उतरलाय.’ ती वाचते, हसते आणि म्हणते, ‘हो ना बाप्पा, त्यांनीच तर शिकवलं सगळं. पुण्यातली माझी माय होती ती.’ वर्गात सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते, कारण उशीर मोजून दाखवायचं सोडून मी नुसतीच उभी.

तुला ती आठवत असेलच, हे काय विचारायचं. वर्ध्याकडची ती किडकिडीत मुलगी. बाकीच्या मुली जेवून ताट उचलून निघून जायच्या, ही ओट्याशी रेंगाळायची. काकू, हे काय टाकून राहिल्या? काकू, असं का बरं? तू कधी कुणाला आडनाव विचारलं नाहीस. शेजारच्या वहिनी एकदा खिडकीतून म्हणाल्या होत्या, ‘काय हो, कुणालाही ओट्याशी उभं करता?’ तेव्हा तू वळूनसुद्धा न बघता म्हणालीस, ‘हात धुतलेत तिनं. तुम्ही धुतलेत का?’ मला तेव्हा तुझा इतका अभिमान वाटला होता, आणि लगेच दुसऱ्या क्षणी राग. कारण ‘कुणालाही’मधे मी नव्हते. मी ओट्याकडे आले की तू पळी उगारायचीस. ‘इकडे फिरकलीस तर बघ. जा, पुस्तक घे. तुला हा धूर नकोय.’ मी आतल्या खोलीत गणितं सोडवतेय आणि स्वयंपाकघरातून तुमच्या दोघींच्या हसण्याचा आवाज येतोय. कशाला हसत होतात गं एवढ्या? कित्येकदा पुस्तक मिटून विचारावंसं वाटायचं. नाही विचारलं. मला मार्क मिळत गेले आणि तिला तू.

त्या दिवसापासून मी तिला चोरून बघायला लागले. कंपनीच्या बसमधे, इअरफोन कानात घालून. चूक सापडते का बघायला. एकही दिवस असा नाही की अंगाचा तिळपापड झाला नाही. फोडणीत मोहरी तडतडली की ती तुझ्यासारखीच मान मागे घेते. मीठ टाकून झालं की बोटं झटकते तीही तुझीच. ते मला येत नाही. मला तुझं नाक आलंय आणि दमा. एवढ्या लोकांना रोज तुझा हात बघायला मिळतो आणि मी, तुझ्या पोटची, त्यांच्या रांगेत बसून बघते, तेही मघाचं.

मग एका रविवारी सकाळी तिनं जाहीर केलं, ‘आज काकूंच्या मेसची आमटी.’ मी लॅपटॉप ओट्यावर ठेवला, डाळ शिजवून घेतली आणि तिच्याबरोबर करायला लागले. आता इथे तरी मी कमी नव्हते ना. ती आमटी मी जन्मभर खाल्लीय. तिनं डाळ घोटली, मी घोटली. तिनं गूळ टाकला, मी टाकला. आणि मग तिनं वाटीत भिजवलेली चिंच पुढे ओढली. माझा आनंद काय सांगू! सापडली! मी धडाधड लिहिलं, ‘चिंच नाही. त्यांच्या आमटीत आमसूल असायचं. मी त्यांची मुलगी आहे.’ आणि बघत बसले. तर बाई ढिम्म! मान वर नाही, डोळा वर नाही. चिंच कोळली, गाळली, ओतली, पळी फिरवली, वर ‘आहा, वास बघा’ म्हणाली. वास बघा काय? माझं डोकंच सटकलं. वाचून न वाचल्यासारखं करते! फोटोतून कापलं ते कापलं, आता इथूनही? मी आणखी काहीतरी लिहायला घेतलं. ते इथे लिहिण्यासारखं नाही. तुझ्यासमोर तर नाहीच.

आणि आई, दर सोमवारी पोरांना लेटन्सी शिकवणारी मी, मला आठवलंच नाही. मी लिहिलेलं तिला लगेच दिसलेलं असतं, पण तिचं दिसणं माझ्यापर्यंत उशिरा येतं. माझ्या पडद्यावर ती चिंच ओतत होती तेव्हा तिथे, वारज्यातल्या तिच्या स्वयंपाकघरात, ती कधीच मान वर करून माझं वाक्य वाचत होती. मी जिच्यावर चिडले होते ती मघाची बाई होती. आत्ताची बाई अजून वाटेत होती.

ती आली. पळी हातातच. तिनं मान वर केली, वाचलं, पुन्हा वाचलं, आणि पळी खाली ठेवली. ‘ताई? तुम्ही? अगं बाई... ताई, मेसच्या आमटीत चिंचच. पातेलंभर असायची, मीच कोळून द्यायची ना. तुम्हाला चिंचेनं खोकला व्हायचा. म्हणून काकू आम्ही सगळ्या जेवून उठलो की तुमच्यापुरती वेगळी करायच्या, आमसुलाची, छोट्या पातेलीत. आणि त्या वेळेला मला ओट्याशी उभं राहू द्यायच्या नाही. “हो बाजूला,” म्हणायच्या, “ही मला एकटीला करू दे.” आम्ही पोरी किती जळून राहायचो तुमच्यावर! आम्हाला सगळ्यांना मिळून एक आमटी, आणि तुम्हाला एकटीला एक.’

गॅसवर माझी डाळ उतू गेली तरी मी हलले नाही. इतकी वर्षं मला वाटत होतं की मी तेच जेवायचे जे सगळ्या जेवायच्या. ताटात सगळ्यांत शेवटी मला वाढायचीस याचाही मला राग होता. आता कळतंय, मला शेवटी वाढायचीस कारण माझी शेवटी व्हायची. तू हे मला का सांगितलं नाहीस गं? एकदा म्हणाली असतीस, ‘ही तुझी आहे,’ तर काय तोंड झिजलं असतं? पण तुझं असंच. प्रेम करायचं आणि वर तोंड वाकडं करून ताट आदळायचं.

तिला कुणीतरी विचारलंच, ‘मग ताई, ती आमसुलाची पण दाखवा ना!’ ती म्हणाली, ‘नाही येत मला ती. खरंच नाही येत. त्यात काय टाकायच्या, कधी टाकायच्या, मी कधी पाहिलंच नाही.’ आणि हे ऐकून, आई, मला काय झालं सांगू? मला आनंद झाला. तू पुन्हा कायमची गेलीस हे कळायच्या आधी, ती आमटी आता कुणालाच येत नाही हे कळायच्या आधी, पहिल्यांदा स्वच्छ, लख्ख आनंद झाला, की हिला येत नाही! मग मात्र मी खाली बसले आणि रडले. कारण बाकी सगळं कुठे ना कुठे साठवलेलं असतं. तिचे सगळे स्वयंपाक आहेत, कुणीही केव्हाही उघडून बघावेत. तू माझ्यासाठी एकटीनं जे करायचीस ते फक्त लाइव्ह होतं, आणि बघणारं तिथे कुणी नव्हतं. मी आत गणितं सोडवत होते.

त्यानंतर मी घरी करून पाहिली. आमसूल भिजवून, न भिजवता, गूळ कमी करून. कसलं काय! आंबट पाणी नुसतं. चव जिभेवर बरोबर आहे, ही नाही, ही नाही, एवढं जीभ सांगते. पण मग काय, ते हाताला माहीत नाही. माझ्या हाताला काही माहीतच नाही, त्याला तू पेन धरायला लावलंस.

तिनं मला मेसेज केलाय. ‘ताई, तुमची चव आणि माझा हात, दोघी मिळून करून बघू का? कॅमेरा नाही लावणार. तुम्ही म्हणाल तिथे येते.’ आणि खाली, अगदी शेवटी, ‘फोटोत तुम्हाला कापलं म्हणून रागावल्या असाल. न विचारता तुमचं तोंड लोकांना कसं दाखवू, म्हणून कापलं. पूर्ण फोटो माझ्याकडे फ्रेम करून आहे.’ चांगली आहे गं ती. तेच तर अवघड आहे. वाईट असती तर किती बरं झालं असतं.

वारजं माझ्यापासून रिक्षाच्या अंतरावर. मला माहीत आहे काय होईल. ती येईल, पदर खोचेल, तुझ्यासारखी मान मागे घेईल, आणि थोडं थोडं वाटीत काढून मला देईल: ताई, आता बघा, आता? मी चाखून सांगेन, अजून नाही, थोडं जवळ आलं, हां, हेच. आणि कदाचित जमेलसुद्धा. पण ओट्याशी ती असेल, आई. पुन्हा तीच. आणि मी पुन्हा आतल्या खोलीतून आलेली, आयतं जेवायला बसलेली. खरं सांगते, उत्तर तिलाच लिहायला बसले होते मी, आणि लिहिलं गेलं तुला. तिच्या मेसेजखाली अजून एक अक्षर नाही. आमसुलाचा नवा पुडा मात्र परवाच आणलाय, दोघींना पुरेल एवढा.