रीडिंग दहा पॉइंट चार

२ जानेवारी, सकाळी ६.१०
शाळेतलं एक जुनं, न वापरलेलं जर्नल सापडलं. प्रत्येक डावं पान कोरं, उजव्या पानाला रेघा. डावीकडे मनातलं लिहायचं आणि उजवीकडे अभ्यास, असं ठरवलं आहे.

काल हेडसरांनी बोलावलं होतं. प्रयोगशाळा सहायकाची जागा रिकामी झाली आहे. माझ्यासारख्या परिचराला तिथे बढती मिळू शकते, पण खात्याची परीक्षा द्यावी लागेल. दहावीचं रसायन. लेखी चाळीस मार्कांचं, प्रात्यक्षिक साठ मार्कांचं. तारीख चौदा मार्च. वयाची पन्नास पूर्ण झाली की परीक्षेला बसता येत नाही, आणि मला ती जूनमध्ये पूर्ण होतात. म्हणजे हीच एक वेळ. नाही जमलं तर बाहेरून कुणी कालचा पोरगा येऊन खुर्चीत बसेल आणि मी त्याच्या हाताखाली बाटल्या पुसेन.

चोवीस वर्षं त्या प्रयोगशाळेत काढली. आता मला विचारणार, तुला रसायन येतं का. विस्तवाला विचारावं, तुला भाजता येतं का, तसं झालं. राग आला, पण गिळला.

देवापुढे बसलो. मागितलं काही नाही. फक्त कळवलं.

३ जानेवारी
संकल्प: पहाटे चारला उठणे. एक तास अभ्यास. रागावणे बंद.

४ जानेवारी, सकाळी ७.३०
गजर वाजला नाही. बायको म्हणते वाजला, तिने बंद केला, कारण मी झोपेतच गजरावर ओरडलो. खोटं. मी झोपेत ओरडत नाही.

९ जानेवारी
अभ्यास सुरू. मोल ही कल्पना वाचली. एका मोलमध्ये सहावर तेवीस शून्यं इतके कण असतात म्हणे. मोजले कुणी? मला राग कणांचा नाही, ठामपणाचा येतो. वर त्याच पानावर 'सोप्या भाषेत रसायन' असं छापलं आहे.

लेक दहावीत आहे, माझ्याच शाळेत. ती म्हणाली, बाबा, आपण डझन म्हणतो ना, तसं मोल म्हणायचं, मोजत कुणी बसत नाही. मी म्हटलं, मग तसं लिहायला काय झालं होतं त्यांना. ती म्हणाली, तसंच लिहिलंय, तुमच्या अंगठ्याखाली आहे ते वाक्य.

लेखीचं थोडं बघावं लागेल. प्रात्यक्षिकाला हात लावायची गरज नाही.

१३ जानेवारी
रसायनाच्या बाई नवीन आहेत. यंदाच आल्या. वय असेल अठ्ठावीस. आज मला म्हणाल्या, काका, शाळा सुटल्यावर रोज अर्धा तास थांबत जा, तुमच्या हाताने प्रयोग करून बघा, मी असते. मी म्हटलं, बाई, या ब्युरेट तुम्ही पाळण्यात होता तेव्हापासून मी धुतोय. त्या म्हणाल्या, धुताय हो, पण कधी वापरलीत का?

 पाण्यात राहणाऱ्याला कुणी पोहण्याचा दाखला मागत नाही.

आमच्या गावच्या शाळेत प्रयोगशाळा म्हणजे एक कुलूपबंद कपाट होतं. गुरुजी फळ्यावर परीक्षानळी काढायचे आणि तिच्या तोंडातून खडूचा धूर. तेवढ्यावर आम्ही पास झालो. त्या कपाटात काय आहे याचा मी पाच वर्षं विचार केला. आज एका कपाटाची किल्ली माझ्या कमरेला आहे. देवाने आणखी काय द्यायचं?

१९ जानेवारी
संताप. बाईंनी कपाट लावलं. मला न विचारता. रविवारी येऊन, सगळ्या बाटल्या अक्षरक्रमाने.

वरच्या फळीवर डावीकडून तिसरी, टवका उडालेल्या बुचाची बाटली म्हणजे सोडियम सल्फेट. हे मला डोळे मिटून माहीत. आज तिथून काढून वर्गात दिलं. तीस मुलांनी बेरियम क्लोराइड टाकलं, एकाच्याही नळीत साका आला नाही. मुलं म्हणाली, काका, काहीच होत नाही. मी म्हटलं, नीट हलवा. तीस मुलं दहा मिनिटं हलवत बसली. मग बाईंनी येऊन बाटली वाचली. अमोनियम क्लोराइड होतं.

बाई म्हणाल्या, लेबल वाचायचं होतं ना. मी म्हटलं, घरात बायकोला हाक मारताना कुणी तिचं आधार कार्ड वाचतं का?

सगळी मुलं हसली. बाईसुद्धा. तरी चूक त्यांचीच.

२०, २१, २२ जानेवारी
चारला उठायचा संकल्प पाचवर आणला. थंडी आहे. अभ्यास नाही, कारण कपाटाचा मनस्ताप.

२८ जानेवारी
हे सविस्तर लिहायला हवं.

आज मुलांचं टायट्रेशन होतं. ब्युरेटमध्ये, म्हणजे तोटीच्या मापनळीत, आम्ल, फ्लास्कमध्ये दहा मिली अल्कली, तिला गुलाबी करायला दोन थेंब फिनॉल्फथॅलिन. आम्ल थेंबथेंब सोडायचं, गुलाबी रंग गेला की किती मिली लागलं ते रीडिंग घ्यायचं. आमच्या शाळेत ते १०.४ येतं. द्रावण मी बनवतो, माझ्या ठरलेल्या मापाने. मला १०.४ हा आकडा आधीच्या परिचराने निवृत्त होताना किल्लीसोबत दिला. त्याला त्याच्या आधीच्याने. मुलं हळूच विचारतात, काका, किती? मी तोंडाने सांगत नाही, ते पाप आहे. टेबलावर दहा वेळा टिचकी मारतो, थांबतो, मग चार. शिवाय तीनपैकी एक रीडिंग १०.३ लिहायला सांगून ठेवतो. अगदी सारखं खरं वाटत नाही.

माझ्या लेकीने १२.८ लिहिलं.

घरी आल्यावर विचारलं. म्हणाली, मी तीनदा केलं बाबा, १२.८, १२.९, १२.८. मी म्हटलं, सबंध वर्ग १०.४ म्हणतो आणि तू एकटी शहाणी? म्हणाली, वर्गाने ब्युरेट उघडलीच नाही, तुमच्या टिचक्या मोजल्या. मी म्हटलं, तुझी नजर चुकली, द्रावणाची पातळी डोळ्यासमोर धरून वाचायची असते. म्हणाली, डोळ्यासमोरच धरली होती. माझा आवाज चढला. जर्नल काढायला लावलं, खोडरबर हातात दिलं आणि समोर बसून १०.४ लिहून घेतलं.

ती रडली नाही. खोडताना इतका जोर लावला की कागद फाटायला आला. मग म्हणाली, झालं, आता तुमच्या शाळेसारखं झालं.

बापाला लेकीचं नुकसान बघवत नाही म्हणून बोललो. हे तिला पुढे कळेल.

३० जानेवारी
लेक बोलत नाही. बायको म्हणते, नाचता येईना अंगण वाकडं. हे लेकीबद्दल म्हणाली असं धरून चाललो आहे.

११ फेब्रुवारी
बाईंनी आज माझी परीक्षा घेतली. पाच कागदांवर पाच क्षार, लेबल नाही. निळा कॉपर सल्फेट, बरोबर. हिरवट फेरस सल्फेट, बरोबर. उरलेले तीन पांढरे. बोटांत चोळून पाहिले, उजेडाकडे धरले, अंतःकरणाला विचारलं. तिन्ही चूक.

बाई म्हणाल्या, काका, पाण्यात विरघळवा, एकेक चाचणी करा, क्षार स्वतः सांगेल तो कोण आहे ते. मी म्हटलं, मला बाटली दाखवा, मी लगेच सांगतो. त्या म्हणाल्या, परीक्षेत बाटली नसते.

माणसाची पारख त्याच्या घरावरून होते, क्षाराची बाटलीवरून. घराबाहेर काढून ओळखा म्हणणं हा अन्याय आहे. हे त्यांना सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला.

उद्यापासून अर्धा तास थांबेन असं मात्र म्हटलं.

१२ फेब्रुवारी
थांबलो नाही. नळ गळत होता.

१३ फेब्रुवारी
थांबलो. पण फरशी इतकी घाण होती की आधी ती पुसली. तोवर बाईंची बस.

२६ फेब्रुवारी
लेक बोलायला लागली. अट घातली: लेखीचा अभ्यास तिच्याकडे करायचा, ओरडायचं नाही. समीकरणं संतुलित करायला शिकवते. डावीकडे जेवढे अणू तेवढेच उजवीकडे. ना कमी, ना जास्त. देवाच्या घरचा न्याय असाच असावा. हा धडा आवडला.

या जर्नलची डावी पानं संपत आली. उजवीकडची अजून कोरी आहेत. पण जे डोक्यात आहे ते कागदावर कशाला?

बाबा, प्रात्यक्षिकाचं काय, असं तिने विचारलं. मी हसलो फक्त.

१३ मार्च
उद्या परीक्षा. दुसऱ्या शाळेत आहे. लेखीची धाकधूक. प्रात्यक्षिकाचे साठ खिशात. बायकोने शर्टाला इस्त्री केली. म्हणाली, सहायकाला खुर्ची मिळते ना, मग पाय कमी दुखतील तुमचे. संध्याकाळी रोज तीच तेल लावते. या दुखण्याबद्दल मी तिला कधी बोललो नव्हतो.

देवापुढे बसलो. या वेळी मागितलं.

१४ मार्च, संध्याकाळी
शांतपणे लिहितो.

लेखी ठीक. समीकरणं आली. मोलवर प्रश्न होता, डझनासारखा सोडवला.

प्रात्यक्षिक. ती प्रयोगशाळा पाहून माझं टाळकंच फिरलं. परीक्षानळ्यांत मागच्या वर्षीचे डाग. ब्युरेटच्या तोटीवर मळ. असल्या भांड्यांत प्रयोग करणं म्हणजे उष्ट्या ताटात नैवेद्य. आधी माझ्या नळ्या धुतल्या. ब्युरेट धुतली, पाण्याने, मग आम्लाने, रीतीप्रमाणे, शून्यापर्यंत भरली. थेंब इकडे की तिकडे नाही. अशी भरलेली ब्युरेट त्या शाळेने पाहिली नसेल. शेजारच्या टेबलावरच्या उमेदवाराच्या नळ्या बघवेनात, त्याही धुतल्या. त्याने थॅंक यू काका म्हटलं आणि आणखी चार पुढे केल्या.

परीक्षक मधेच म्हणाले, अहो, जरा डिस्टिल्ड वॉटरचा कॅन आणा इकडे. आणला. चार टेबलांना वाटलाही. माझ्या छातीवर उमेदवाराचा नंबर लावलेला होता. त्यांना दिसला नाही. मलाही त्या वेळी आठवला नाही.

मग ते म्हणाले, शेवटची दहा मिनिटं.

क्षार पांढरा होता. बोटांत चोळला. अमोनियम क्लोराइड लिहिलं. तिथल्या परिचराकडे पाहिलं, आमच्याच जातकुळीतला माणूस, समजून घेईल वाटलं. हळूच विचारलं, भाऊ, कोणता? तो म्हणाला, तुम्ही लॅबवाले ना, मग मला काय विचारता?

माणुसकी राहिली नाही.

टायट्रेशनच्या तक्त्यात १०.४, १०.३, १०.४ लिहिलं.

परीक्षक आले. तक्ता पाहिला. ब्युरेट पाहिली. शून्यावर होती. फ्लास्क पाहिला. कोरडा होता, चकचकीत. म्हणाले, हे रीडिंग कशाचं? मी म्हटलं, साहेब, आमच्याकडे एवढंच येतं. ते म्हणाले, आमच्याकडे म्हणजे?  त्यांनी रागावायला हवं होतं. त्याऐवजी यादीत काहीतरी टिपलं. मग म्हणाले, ब्युरेट मात्र छान भरलीत.

निघताना सगळ्यांच्या नळ्या गोळा करून स्टॅंडला लावल्या. सवय.

८ एप्रिल
निकाल. लेखी चाळीसपैकी एकवीस, पास. प्रात्यक्षिक साठपैकी सहा. सहा कशाचे ते कळलं नाही. बहुधा धुण्याचे.

हेडसर म्हणाले, जागा बाहेरून भरावी लागेल, वाईट वाटतं. त्यांना खरंच वाईट वाटलं, हे जास्त झोंबलं. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, बरं, आणि तेलाची बाटली घेऊन आली.

९ एप्रिल, दुपारी
सुट्टी आहे. शाळा रिकामी. मंगळवारी दहावीचा नवा वर्ग सुरू होतो, त्याच्यासाठी टायट्रेशनचं द्रावण मी कालच करून ठेवलं होतं, माझ्याच मापाने. कुलूप लावताना हात थांबला.

आतून कडी लावली. ब्युरेट भरली. दहा मिली अल्कली घेतली. दोन थेंब टाकले. गुलाबी झालं. चोवीस वर्षांत हा रंग शंभरदा धुतला, होताना आज पाहिला. तोटी उघडली.  १०.४ आलं, रंग तसाच. मी म्हटलं, आता जाईल. अकरा. बारा. शेवटी एका थेंबाला गेला, कुणी फुंकर मारावी तसा.

१२.८.

पुन्हा केलं. १२.९. पुन्हा केलं. १२.८.

स्टुलावर बसलो. चोवीस वर्षं गुणिले तीस मुलं. हिशेब सोडून दिला.

घरी आलो. लेक मैत्रिणीकडे गेली होती. तिचं जर्नल काढलं. १०.४ च्या खाली, खोडलेल्या जागी, कागद उजेडाकडे धरला की १२.८ अजून दिसतं. पेन्सिलीने त्यावर गिरवायला गेलो, मग वाटलं आपण आता त्या पानाला हात लावू नये. जागच्या जागी ठेवलं. ती आली की सांगेन. शब्द जुळवतो आहे. देवाला आधी सांगितलं, ते सोपं गेलं.

९ एप्रिल, संध्याकाळी
सांगितलं. ती म्हणाली, तुम्ही स्वतः केलंत? मी म्हटलं, तीनदा. ती म्हणाली, तोटी सावकाश सोडली होती ना? मी म्हटलं, हो. मग म्हणाली, जेवायला चला.

एक शब्द जास्तीचा बोलली नाही. कुणावर गेली आहे, कळत नाही.

१० एप्रिल, सकाळी ५.००
उठलो. गजराशिवाय.

मंगळवारी नवीन वर्ग येईल. मुलं विचारतील, काका, किती? चोवीस वर्षांची चूक आता सुधारायची. या वेळी बरोबर तेच सांगायचं.

बारा टिचक्या. थांबायचं. मग आठ.