दोन सिलिंडरांच्या इंजिनाविषयी सिल्केस

त्सिटाऊ, पूर्व जर्मनी, ऑगस्ट १९८९

प्रिय कन्या सिल्के हिस,

ही चिठ्ठी तुझ्या दृष्टीस पडेल तेव्हा मी कामावर पोहोचलेलो असेन. समोरासमोर निरोप देणे मजकडून झाले नाही, क्षमा असावी.

गाडीचे इंजिन दोनच सिलिंडरांचे, सव्वीस अश्वशक्तीचे आहे, तथापि विश्वासू आहे. पहाटेपासून तीनदा प्लग काढून पाहिले, तिन्ही वेळा ठीक होते. इंजिन पाण्याने नव्हे, केवळ वाऱ्याने थंड राहते, म्हणून चढावर घाई करू नये. पेट्रोलचा काटा नाही, टाकीत पट्टी बुडवून पाहावे. मुख्य गोष्ट अशी की, पंचवीस लिटर पेट्रोलात अर्धा लिटर तेल मिसळलेच पाहिजे, अन्यथा इंजिन जाम होईल. हंगेरीपर्यंत पंपावर मिसळलेले मिळते. ऑस्ट्रियात मिळेलच असे नाही. यास्तव तेलाचे चार डबे डिकीत ठेवले आहेत.

काल शेजारच्या क्लिंगरबाई म्हणाल्या, "काय हो एगॉन, पोरगी सुट्टीला चाललीय की घर हलवतेय?" मी म्हणालो, "सुट्टीलाच! तुम्ही आपले बटाटे सोला." परंतु तुझ्या सामानात ऑगस्टात बांधलेला हिवाळी कोट मीही पाहिला आहे. तू दोन आठवडे म्हणालीस, मी काही विचारले नाही. वाचून ही चिठ्ठी जाळून टाकावी, पोलिसांच्या हाती लागल्यास तुला देशाबाहेर जाऊ देणार नाहीत.

ह्या गाडीकरिता मी बारा वर्षे नंबर लावून बसलो होतो, हे तुला ठाऊक आहे. तथापि ती परत आणलीच पाहिजे, असे मनात आणू नकोस. ऑस्ट्रियाच्या सीमेवर सोडावी लागल्यास खुशाल सोडून चालत पलीकडे जा. किल्ली आतच राहू दे, कोणाच्या तरी उपयोगी पडेल.

तुझा पिता,
एगॉन