मनगटापर्यंत आलेली नस

प्रिय किसन,

पत्राला उशीर झाला, माफ कर. तुला जाऊन दोन वर्षं झाली. आजही लिहिलं नसतं, पण तुझ्या सविताचा हात कडबा कापायच्या यंत्रात गेला. बोटं शाबूत आहेत, नस तुटली. डॉक्टरीणबाई तिला तुझ्यासारखीच नळी बसवू म्हणतात. तुझी सुभद्रा अडून बसली आहे. "त्या नळीनं ह्यांचा पंजा सडला. लेकीचा न्हाई सडू देणार!"

तिला असं कुणी सांगितलं? मीच की रे!

कोपराखाली तुटलेली तुझी नस जोडताना बाईंनी किती समजावलं होतं! दोडक्याच्या वेलाला मांडव, तशी ती नळी. आत बारीक धागे, त्यांना धरून नस वाढणार आणि नळी विरघळून जाणार. पण वाढ दिवसाला जेमतेम मिलिमीटरभर.

पाच महिन्यांनी तू पळत आलास. "दादा, बाईनं टिचक्या मारल्या, मनगटापर्यंत मुंग्या आल्यात!"

मी काय बोललो? "मुंग्यांनी मेंढरं भादरता येत्यात का बे?"

लंगडी मेंढी तापल्या लोखंडाचा डाग दिला की उठते, तसा तुझा हातही उठेल असं वाटलं. मी विळा लाल केला आणि तुझ्या मनगटाखाली टेकवला. नस अजून तिथवर पोचली नव्हती, तुला चटकाच कळेना. हसत म्हणालास, "दादा, ह्यो वास माझा हाय का मेंढराचा?" मी चिडून पुन्हा टेकवला.

जखम चिघळली, पंजा काढावा लागला. बाईंना सांगितलं, चुलीवर भाजला. सुभद्रा मेंढरं घेऊन चकलांब्याकडे गेलेली. ती आल्यावर सांगितलं, नळीनं सडला. तू शेजारी बसून ऐकत होतास. गप्प का राहिलास? धड हातानं माझं थोबाड फोडायचं होतंस! मेलास आणि सुटलास.

काल सविता मला विचारत होती, "नाना, बाबांच्या हातात कदी जीव आलता का?"

"न्हाई," म्हणालो. तिच्या तोंडावर म्हणालो.

बाई म्हणतात, उशीर झाला तर पंजा वाळत जाईल. उद्या सकाळी सुभद्रापुढे बसून सगळं सांगणार, विळ्यासकट. तिनं दारातून हाकललं तर दारात उभा राहून सांगेन. हा शब्द देतो.

तू नको म्हणालास तरी सांगणार आहे. पण हो म्हणत असशील तर लवकर कळव रे.

तुझा दादा,
लिंबाजी