मेघाच्या नावाची पट्टी

नागपूर,
१८ फेब्रुवारी २०२५

प्रिय पुष्पा,

तुझे गुडघे कसे आहेत? इथे सकाळचा गारवा अजून आहे, दुपारी मात्र ऊन चटका देतं. तुझे फोन आले होते, मी उचलले नाहीत. रागावू नकोस. काही गोष्टी मला लिहूनच जमतात.

सध्या मी बुकमार्क बनवते आहे. हसलीस ना? शिवणाच्या तासाला सिस्टर ॲग्नेस आपल्याकडून रिबिनीच्या कडेला काजाचा टाका घालून घ्यायच्या, तसेच. पुस्तकाचं पान दुमडलेलं दिसलं की आपला कान धरून म्हणायच्या, "पानाला पण दुखते, जया!" तेव्हापासून पान दुमडायला माझा हात धजावत नाही. तुझी निळी रिबीन अजून माझ्या शाळेतल्या बायबलात आहे.

आता रिबिनी नाहीत, म्हणून लग्नपत्रिका कापते. जाड, गुळगुळीत कागद, सोनेरी कड. प्रयागबाई भांडी घासता घासता ओरडते, "बाई, गणपतीले कैची नोका लावू, पाप लागन!" मी गणपती वाचवते, नावंही वाचवते. नवरानवरीच्या नावावरून कात्री फिरवू नये, असं माझी आई म्हणायची.

कोणाच्या पत्रिका, ते तू ओळखलंच असशील. तुला पाठवली तीच. उरलेला गठ्ठा रद्दीत दिला असता, तर बातमी गल्लीभर झाली असती.

पुष्पा, लग्न मोडलं. मेघाने मोडलं.

दोघं फुटाळा तलावावर फिरायला गेली असताना तिला ऑफिसातून फोन आला. आयुषने तो हिसकावून आपटला आणि तिचं मनगट पिरगाळलं. घरी आली तेव्हा बोटांचे वळ काळेनिळे उठले होते. तिने हात माझ्यासमोर धरला. मी काय म्हणाले माहीत आहे? "चुडा भरल्यावर दिसणार नाही."

तिने बाही खाली ओढली. दुसऱ्या दिवशी तिने स्वतःच त्यांच्याकडे नकार कळवला.

हे गेल्यापासून घरातलं सगळं माझे मोठे दीर, बापूजी ठरवतात. ते म्हणाले, "पत्रिका फेकू नको, जया. तारखेवर चिठ्ठी चिपकवून देऊ. पोरगी आहे, समजून जाईन." येत्या रविवारी त्यांनी आयुषच्या घरच्यांना बोलावलं आहे. आणि मी? कापायला घेतलेल्या गठ्ठ्यातल्या निम्म्या पत्रिका कपाटात जपून ठेवल्या होत्या.

काल मेघाने माझं पुस्तक उघडलं. आतली पट्टी घेऊन माझ्यासमोर उभी राहिली.

"आई, माझं नाव तू काहून त्याच्या नावासोबत जपून राहिली?"

"नावाला कात्री लावू नये गं."

"बरं. मनगटाला काहीही लागलं तरी चालते."

ती खोलीत गेली. मी कपाटातल्या सगळ्या पत्रिका काढल्या आणि पहिली हातात घेतली. दोन्ही नावं शेजारी शेजारी, वर मधोमध गणपती. सरळ कापलं असतं तर देवाचे दोन तुकडे झाले असते. प्रयागबाई हात पुसत येऊन बघत राहिली. म्हणाली, "वळवून घ्या ना बाई. देव पोरीकडंच ठेवा."

मी कात्री वळवून कापलं. गणपती मेघाच्या बाजूला आला.

कडेला टाका घालून ती पट्टी दाराखालून आत सरकवली. दार उघडलं. मेघा म्हणाली, "टाका वाकडा आहे, आई." आणि सुईदोरा घेऊन माझ्याजवळ बसली.

रविवारी बापूजींच्या आधी मी बोलणार आहे. आजवर त्यांच्यासमोर मी कधी मान वर केलेली नाही, म्हणून 'हे लग्न होणार नाही' एवढं वाक्य आत्तापासूनच कागदावर लिहून ठेवलं आहे. तू येशील? लग्नासाठी घेतलेली साडीच नेसून ये, असं मेघाने सांगितलं आहे.

सोबत एक पट्टी पाठवते आहे. अर्धा टाका तिचा, अर्धा माझा.

मेघाची आई
आणि तुझी,
जया